डाव्या बाजूचा डाव

३ मार्च

वन्संना,
सप्रेम नमस्कार.

फोन करत नाही म्हणून रागावू नका. फोन वाजला की तुमच्या भावाला वाटतं, आता आपल्याला बोलावं लागणार. तोंड उघडतात, शब्द येत नाही, आणि मग उजव्या हाताने कपाळ बडवून घेतात. म्हणून मी वायरच काढून ठेवली आहे. पत्र बरं. पत्र बोंब मारत नाही, आपण उघडेपर्यंत गप्प पडून राहतं.

झटका येऊन गेला त्याला आता तीन महिने होतील. चालतात काठीने, जेवतात आपल्या हाताने. डावा हात मात्र लाकूड. मीच उचलून मांडीवर ठेवते, मीच उचलून बाहीत घालते. बोलणं अजिबात नाही. डॉक्टर म्हणतात, डोकं चालतं ठेवा, पत्तेबित्ते खेळा. रमी मांडून पाहिली, पण तेरा पानं एका हातात राहीनात. मग ह्यांनीच कपाटाकडे बोट केलं. तुम्ही मागे आला होतात तेव्हा तुमच्या कॅसिनोतला पत्त्यांचा कॅट ठेवून गेला होतात, तो. आणि तुम्ही शिकवलेला तो एकवीसचा खेळ, ब्लॅकजॅक. दोन पानं, एका हाताचं काम.

रोज दुपारी चारला मी शिवणाचं दुकान बंद करते आणि मागच्या खोलीत डाव मांडते. पैशांच्या जागी माझ्या बरणीतली बटणं. मी घर, म्हणजे पानं वाटणारी. माझं एक पान उघडं, एक पालथं. सोळापर्यंत मला पान घ्यावंच लागतं आणि सतरा झाले की थांबावंच लागतं, माझ्या मर्जीचं काही नाही. संसारासारखंच.

आता अडचण ऐका. मधेच हे लावलेल्या बटणांशेजारी तेवढीच आणखी सरकवतात आणि एक बोट वर करतात. डबल म्हणतात ते हेच ना? ते केव्हा करायचं आणि केव्हा नाही? मला वाटतं, हे मनाला येईल तेव्हा करतात, आणि हरले की रडतात. तुम्ही जन्मभर पानं वाटलीत. जरा नीट समजावून लिहा, मी त्यांना वाचून दाखवीन.

तुमची,
वहिनी


११ मार्च

प्रिय वहिनी,

अण्णा बटणांवर जुगार खेळतो! ज्या माणसाने लिफ्टचा एकेक नट तीनतीनदा आवळल्याशिवाय पाना खाली ठेवला नाही, तो! चांगलं आहे. खेळू दे.

डबलचं सांगते. माणूस म्हणतो, मी लावलंय तेवढंच आणखी लावतो, मला एकच पान द्या. एकच. मग ती दुर्री येवो नाहीतर राजा येवो, त्यानंतर तोंड उघडायचं नाही. पुढे मागणं नाही, मागे घेणं नाही. म्हणून ते हौसेचं काम नव्हे. नवशिका आपली पानं बघून डबल करतो आणि जाणकार समोरच्याचं पान बघून.

बेरीज अकरा झाली तर करावं. कॅटमध्ये दहाची पानं सगळ्यांत जास्त. दश्शी, गुलाम, राणी, राजा, सगळे दहाच धरायचे. दहा झाले तरी करावं, पण घराचं उघडं पान नव्वीपर्यंत असेल तर. घराकडे चित्र किंवा एक्का दिसला की गुमान बसावं. आणि घरापुढे छक्की असेल तर ती संधी सोडू नये. छक्कीवरचं घर पडायला टेकलेलं असतं, आणि त्या बिचाऱ्याला थांबायची मुभा नसते. बारा आणि बाराच्या पुढे मात्र डबलचं नाव काढू नये. एक चित्र आलं की एकवीसच्या वर गेलास, जळालास.

आमच्याकडे नव्या मुलांना मी हेच शिकवते. मनगट गेल्यापासून पानं वाटत नाही, शिकवते नुसती. कधी करायचं ते सगळ्यांना चार दिवसांत येतं. कधी नाही करायचं ते काहींना कधीच येत नाही.

अण्णाला वाचून दाखव. कान तर शाबूत आहेत ना?

तुझी,
नणंद


२६ मार्च

वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून दाखवलं. दोनदा. आणि आता एक नवल सांगते.

आमचं टेबल भिंतीला लावलेलं आहे हे तुम्हाला आठवत असेल. मी एका बाजूला, हे समोर, आणि ह्यांच्या डावीकडे एक रिकामी खुर्ची. दहाएक दिवसांपूर्वी मी पानं वाटायला लागले तर ह्यांनी उजव्या हाताने त्या रिकाम्या खुर्चीपुढे टकटक केलं. इथेही टाक. मला वाटलं, कंटाळलेत, दोन डाव खेळतील एकट्याने. टाकली पानं.

वन्सं, डावा हात हलला. तीन महिने मेलेला हात मांडीवरून उठला, टेबलावरून सरकत त्या जागेपर्यंत गेला आणि पानांची कड अंगठ्याने वर करून बघितली. आणि हे तिकडे बघतही नव्हते. आपलीच पानं बघत बसले होते, शेजारी दुसरं कोणी खेळतंय अशा थाटात.

मी रडले, हसले, सगळं केलं. डॉक्टर म्हणाले, शिरा जाग्या होताहेत. व्यायाम घेणारी मुलगी तर टाळ्या वाजवायला लागली. पण तिने हातात चमचा दिला तर तो खाली. चेंडू दिला, खाली. डाव मांडला की तेवढा उठतो आणि पत्ते आवरले की पुन्हा लाकूड.

आधी त्या बाजूला अक्कल नव्हती. वीस झाले तरी पान मागायची! ह्यांना खेळ येतो, तुम्ही शिकवलेला. ती बाजू मात्र जन्मात पहिल्यांदा पत्ते बघितल्यासारखी. मग तुमचं पत्र वाचून झाल्यावर दुसऱ्या दिवशी तिकडे अकरा आले आणि माझ्यापुढे छक्की. डाव्या हाताने बटणं सरकवली, तेवढीच, आणि एक बोट वर. राणी आली. एकवीस.

त्या संध्याकाळी हे बोलले. स्पष्ट म्हणाले, "पाणी."

मी भांडं घेऊन धावले तर अर्धं रस्त्यातच सांडलं.

तेव्हा वन्सं, आणखी शिकवा. काय काय असेल ते सगळं लिहा.

तुमची,
वहिनी


३ एप्रिल

प्रिय वहिनी,

पाणी हा शब्द इतका गोड असतो हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या वतीने त्याच्या पाठीत एक धपाटा घाल. हळू घाल.

पुढचा धडा. नऊ झाले तर डबल करावं, पण घरापुढे तिर्रीपासून छक्कीपर्यंतचं पान असेल तरच. दुसरं जरा अवघड आहे. एक्का कधी एक असतो, कधी अकरा, तेव्हा एक्का हातात असला की माणूस एका पानाने जळत नाही. एक्का आणि छक्की आली तर सगळे म्हणतात सतरा झाले, थांबा. थांबू नये. घर पंजी-छक्कीवर असेल तर तिथेही डबल करावं. हे ऐकून जुनेजाणतेसुद्धा मला वेड्यात काढतात.

एक विचारायचं होतं. दोन्ही बाजू अण्णाच खेळतो ना? मग ढीग दोन कशाला? आणि डावी बाजू इतकी अडाणी का होती? मीच शिकवलंय त्याला, वीसवर पान मागणाऱ्यातला तो नाही.

तुझी,
नणंद


१५ एप्रिल

वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र सोमवारी सकाळी आलं. गिऱ्हाईक बसलं होतं, तसंच कात्रीखाली दाबून ठेवलं, न उघडता. दुपारी ते टेबलावरच राहिलं. डावीकडे एक्का आणि छक्की आली, माझ्यापुढे पंजी. डाव्या हाताने बटणं सरकवून बोट वर केलं. मी म्हटलं, "अहो, सतरा झालेत, थांबा की!" हात जागचा हलला नाही. दिलं पान. चौर्री. एकवीस.

संध्याकाळी पत्र फोडलं आणि तुमचा एक्का-छक्कीचा धडा वाचला. पाकीट उलटसुलट करून पाहिलं, आधी कुठे उघडल्याची खूण नव्हती. मग मीच माझी समजूत घातली, की तुम्ही मागे कधीतरी ह्यांना हे सांगितलं असेल. सांगितलं होतं ना?

ते जाऊ दे. आनंदाची बातमी अशी की हे बोलतात. डावी बाजू जिंकली की त्या संध्याकाळी बोलतात, चांगलं तासभर. तुम्हाला माहीतच आहे, तुमचे भाऊ धडधाकट असतानाही दिवसाला पाच वाक्यं मोजून बोलणारे. आता? खिडकीतून दिसणाऱ्या मांजरावर बोलतात. माझ्या शिवणावर बोलतात. परवा एका फ्रॉकची झालर बघून म्हणाले, "फर्स्टक्लास!" लग्नाला एवढी वर्षं झाली, ह्यांच्या तोंडून फर्स्टक्लास कधी ऐकलं नव्हतं. आवाजही हलका झालाय. तरणा वाटतो.

दोन ढिगांचं विचारलंत. ढीग वेगवेगळेच आहेत. डावा फुगत चाललाय. उजवा ओसरतोय, उजव्या हाताला हल्ली पानं बघायचाही कंटाळा येतो.

आणि हो, काल म्हणाले, "ठमीला सांग, बरं शिकवतेस." ठमी कोण हो? तुमच्या जुन्या शेजारातली कोणी?

तुमची,
वहिनी


२१ एप्रिल
(पाकिटावर: वहिनी, दुपारचा डाव होईपर्यंत हे उघडू नकोस. पण टेबलावर ठेव.)

प्रिय वहिनी,

आजचा धडा छोटा आहे. बेरीज बारा असेल आणि घरापुढे दश्शी किंवा चित्र असेल, तर हमखास डबल करावं. जमतील तितकी बटणं लावावीत. हे गुपित फक्त मुरलेल्यांना ठाऊक असतं.

नणंद


३० एप्रिल

वन्सं,

आज नमस्कारबिमस्कार काही नाही.

तुम्ही सांगितलंत तसं पाकीट टेबलावर ठेवलं. चिकटवलेलं, जसंच्या तसं. डावीकडे बारा आले, माझ्यापुढे राजा. डावा हात थोडा वेळ थांबला. मग त्याने अर्ध्याहून जास्त ढीग पुढे ढकलला, मग उरलेला, आणि बोट वर. मी पान दिलं. गुलाम. जळाला. दुसऱ्या दिवशी मी बरणीतून नवी बटणं दिली, पुन्हा बारा, पुन्हा तेच. असं तीन दिवस.

मग मी पत्र उघडलं. एवढे दिवस पानं वाटत्येय, मला कळतं आता. बारावर डबल? तुमच्याच पहिल्या पत्रात त्याचं नाव काढायचं नाही म्हणून लिहिलंय!

हे तेव्हापासून गप्प आहेत. एक अक्षर नाही. डावा हात टेबलावर येतो पण पानांना शिवत नाही, नुसता पडून राहतो, आणि तुमच्या पाकिटाकडे बोटं करून पडतो. तुम्ही खोटं का लिहिलंत? कोणाला फसवायचं होतं? मला तर नाही, मला उघडूच नको म्हणालात. मग राहिलं कोण?

माझं घर तीन महिने मुकं होतं वन्सं. आत्ता कुठे त्यात कोणी बोलायला लागलं होतं.

वहिनी


६ मे

प्रिय वहिनी,

रागाव. तुला हक्क आहे. पण हे शेवटपर्यंत वाच.

एक्का-छक्कीचा डाव मी अण्णाला कधीही सांगितला नव्हता. म्हणून मला बघायचं होतं, बंद पाकिटातलं कोण वाचतंय ते. आता कळलं.

ठमी म्हणजे मी. लहानपणी मी जाडी होते, त्यावरून दादाने ठेवलेलं नाव. दादा, आमचा थोरला. तू त्याचं नुसतं नाव ऐकलं असशील. अण्णा मला बाई म्हणतो, आई-वडील सोनी म्हणायचे. ठमी म्हणणारा जगात एकच होता. तो एकोणीस वर्षांचा असताना तापाने गेला, अण्णाच्या शेजारी, एकाच पलंगावर. अण्णा तेव्हा बारा वर्षांचा, मी नऊ. दादा सारखा बोलायचा. मांजर दिसलं तरी बोलायचा. आवडलं की फर्स्टक्लास. आणि दादा डावखुरा होता. आमच्या घरात दुसरं कोणीही नाही.

त्याने ब्लॅकजॅक कधी पाहिला नव्हता. म्हणून वीसवर पान मागत होता, वहिनी. मीच त्याला शिकवलं. पत्रांतून.

खरं सांगते. ठमी हे नाव तुझ्या अक्षरात वाचलं तेव्हा मी आधी घाबरले नाही. मला आनंद झाला. मी स्वयंपाकघरात उभी राहून ते मोठ्याने म्हणून पाहिलं. भीती वाटली ती नंतर, ढिगांचं आठवल्यावर. दादा इथे आलाय, तर अण्णा कुठे आहे? संध्याकाळी बोलतो तो तुला ओळखतो का? तुमच्या लग्नातलं काही विचार. तू कोण म्हणून विचार.

आणि तोवर पत्ते कपाटात टाक.

नणंद


१५ मे

वन्संना नमस्कार.

विचारायची गरज नाही. मला माहीत आहे. तुमच्या पत्राच्या आधीपासून माहीत आहे.

एप्रिलच्या सुरुवातीलाच एका संध्याकाळी ते म्हणाले, "बाई, तुम्ही रोज चहा देता, माझी एवढी उस्तवार करता. तुम्ही कोणाच्या कोण?" अगदी अदबीने. मी म्हटलं, मी इथे शिवण करते. ते म्हणाले, "छान. मी आलोय हे घरात कोणाला सांगू नका, एवढ्यात." मी नाही सांगितलं. तुम्हालाही नाही सांगितलं.

वन्सं, तुम्ही मला काय म्हणाल ते म्हणा. तुमच्या भावाबरोबर मी सुखात होते, माझी तक्रार नाही. पण कोणी समोर बसून मला विचारलंय, आज कोण आलं होतं, कुठला कपडा, काय म्हणाली ती बाई? आणि उत्तर ऐकायला थांबलंय? त्या तासाभरासाठी मी दुपारपासून केस विंचरायला लागले होते. मी परक्या मुलाशी बोलत होते, माझ्याच नवऱ्याच्या तोंडातून.

पत्ते कपाटात टाकले. दुसऱ्या दिवशी चारला दुकानातून आत आले तर कॅट टेबलावर होता, पिसलेला. पुन्हा टाकले, कुलूप लावलं. पुन्हा टेबलावर. कुलूप तसंच.

आणि आता तुमचे दादा खेळायला शिकलेत. तुमच्या पत्रांकडे बघत नाहीत, पण जे खरं होतं ते सगळं लक्षात ठेवलंय. नऊवर, दहावर, अकरावर, एकदाही चूक नाही. डावा ढीग पुन्हा वाढला, पहिल्यापेक्षा मोठा. तुमचे भाऊ मात्र सकाळी उठतात तेव्हा माझ्याकडे अशा नजरेने बघतात जसं काचेपलीकडून बघावं. काल उजव्या हातातून भांडं सुटलं. उजव्या!

मला हा डाव मोडता येत नाही आणि खेळवतही नाही. तुम्ही या. पानं तुम्ही वाटा.

वहिनी


२ जून

प्रिय वहिनी,

काल रात्री सुखरूप पोचले. निघताना तू मला दारात धरून विचारलंस, आत काय झालं, आणि मी बॅग उचलून चालायला लागले. तोंडाने सांगता आलं नसतं. लिहून सांगते.

तू पुढे मशीनवर बसली होतीस, तुझ्या मशीनचा आवाज मला ऐकू येत होता. मी दार लोटलं आणि पानं पिसली. समोर अण्णा, मान खाली. मी अजून पान टाकलं नव्हतं तोच तो म्हणाला, "ठमे, केवढी झालीस गं."

आवाज दादाचा होता. मी साठीची बाई, फ्रॉक घातल्यासारखी उभी राहिले.

म्हटलं, "दादा, अण्णा कुठे आहे?"

"हा काय. झोपलाय. दमला होता, मी म्हटलं झोप." आणि मग, "वाट ना. तू वाटतेस ते मला बघायचंय."

मी पानं वाटली. जन्मभर वाटली तशी, दोघांना सारखी. तो बोलत होता, वडिलांच्या सायकलबद्दल, शाळेच्या मागच्या भिंतीबद्दल, आणि वहिनी, तुझ्याबद्दलही: "ती शिवणवाली बाई फार चांगली आहे, तिला कोणी नाही का?"  डाव जात होते. काही तो हरला, बरेच जिंकला. मग एका डावाला त्याने आपला सगळा ढीग लावला, बटणंन् बटण. पंजी आणि छक्की आली. अकरा. आणि घरापुढे, माझ्यापुढे, छक्की.

याहून चांगली जागा या खेळात नाही. मी मुलांना फळ्यावर काढून दाखवते ती हीच. पण डबल करायला लावलंय तेवढंच आणखी लागतं, निदान हाताशी उरलं असेल तेवढं तरी, आणि त्याच्याजवळ एकही उरलं नव्हतं.

तेव्हा उजवा हात उठला. अण्णाचा. डोळे मिटलेले, मान तशीच खाली. त्या हाताने स्वतःपुढची सगळी बटणं, उरलीसुरली, तळव्याने गोळा करून डावीकडे ढकलली. घे. कोणी मागितलं नव्हतं. वर हाताने तिथेच थोपटलंही, लहान मुलाला थोपटावं तसं.

 मला कळलं, तिथे पहिल्यापासून कोणी कोणाचं हिसकावून घेत नव्हतं.

दादा गप्प झाला. एवढ्या वेळात पहिल्यांदा. मग म्हणाला, "ठमे, आता काय करायचं असतं?"

त्याला माहीत होतं. एकदा मी त्याला पत्रातून खोटं सांगितलं होतं. पण टेबलाशी बसून, तोंडावर, मी कोणाला कधी खोटं सांगितलेलं नाही. म्हटलं, "डबल करायचं असतं दादा. छक्कीवर सोडू नये."

"एकच पान मिळतं ना?"

"एकच."

"आणि मग मागे नाही."

"नाही."

डावा हात त्या बटणांवर आला. मी कॅटच्या वरच्या पानावर बोट ठेवलं, पण पान उचललं नाही. कारण मला दोघंही हवे होते. मग डाव्या हाताने ती बटणं हळूहळू, एकेक करून, उजवीकडे परत ढकलली. उजव्याने पुन्हा इकडे लोटली. डाव्याने पुन्हा परत केली. एकाच माणसाचे दोन हात, वहिनी, "तू घे, तू घे" करत होते. जेवताना शेवटच्या घासावरून ते दोघं असेच भांडायचे. शेवटी डाव्याने उजव्याला वरून दाबून धरलं, घट्ट, आणि दादा म्हणाला, "याला काय कळतंय? लहान आहे अजून."

मग त्याने आपली दोन्ही पानं पालथी घातली आणि माझ्याकडे सरकवली. अकरावर. छक्कीसमोर. असा डाव कोणी सोडून दिलेला मी कधी पाहिला नाही.

डावा हात उजव्यावर तसाच राहिला आणि त्यातला जीव गेलेला मला दिसला.

वरचं पान मी पाहिलं नाही. सगळा कॅट पिसून टाकला आणि बॅगेत घालून घेऊन आले. पुन्हा टेबलावर येणार नाही.

अण्णा कसा आहे ते लिही. काहीच बोलत नसला तरी लिही.

तुझी,
ठमी


१९ जून

वन्संना सप्रेम नमस्कार.

पत्र वाचून मी मशीनवर डोकं टेकून बसले. गिऱ्हाईक आलं, म्हटलं डोकं दुखतंय. शिवणवाल्या बाईला कोणी नाही का, हे वाक्य मी कितीदा वाचलं ते सांगत नाही.

तुम्ही गेल्यावर दोन आठवडे घरात चिडीचूप. चार वाजले की माझे हात आपोआप मशीनवरून उचलले जायचे. मी मागच्या खोलीत जाऊन बसायचे, हे समोर, मध्ये रिकामं टेबल. पण सकाळी हे माझ्याकडे बघायचे तेव्हा मधली काच नव्हती, एवढं कळत होतं. उजव्या हाताला जोर आलाय. परवा दाराची सैल झालेली कडी ह्यांनी खुणेने स्क्रू ड्रायव्हर मागून घट्ट केली. तीनदा आवळली.

काल दुपारी पाठमोरी उभी राहून कपडे घडी करत होते, तर मागून आवाज आला, "ऐकलंस का?"

जड आवाज, घशात अडखळणारा. ह्यांचा. लग्न झाल्यापासून मला नावाने हाक मारली नाही, हीच हाक. मी वळलेच नाही, वळले तर पळून जाईल म्हणून. तशीच म्हटलं, "ऐकते आहे."

 एकेक शब्द जुळवत होते. मग म्हणाले, "दादाला थंडी वाजत होती."

मी वळले. हे रडत नव्हते, घाबरलेले नव्हते. साधी गोष्ट सांगावी तसं सांगत होते. "मी झोपलो होतो ना, दवाखान्यात. तो बाहेर उभा. मीच म्हटलं, ये आत."

मी जवळ जाऊन बसले. विचारलं, "मग आता गेले का ते?"

 ह्यांनी मांडीवरच्या डाव्या हाताकडे बघितलं. मीही बघितलं. हात लावला तर बर्फासारखा गार होता, नखं निळसर. मला काय सुचलं कोण जाणे, कपाटातली लोकरीची शाल आणली आणि तेवढ्या एका हाताला गुंडाळली, बोटांपर्यंत. हे म्हणाले, "हं." आणि डोळे मिटून घेतले.

आज सकाळी शाल सोडली. हात आहे तसाच आहे, हलत नाही, काही नाही. पण ऊब होती त्याला वन्सं. उजव्यापेक्षा जास्त, झोपलेल्या मुलाच्या अंगाला असते तशी.

डॉक्टरांना सांगितलेलं नाही. संध्याकाळ झाली की परत गुंडाळणार आहे.

तुमची,
वहिनी